दाराखालचा पाइप

महिंद्रा थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर. आकडा भरघोस वाटतो, पण तो सपाटीवरचा. पुढचं चाक मोठ्या दगडावरून उतरलं की गाडीचा मधला भाग खाली येतो आणि मार बसतो दाराखालच्या पत्र्याला. तिथं मोठा पोचा पडला की दारही नीट लागेनासं होतं.

म्हणून रॉक स्लायडर, म्हणजे हा मार झेलणारा दाराखालचा पाइप, घ्यायला आलेला तिचा मालक पाइपची चमक बघत नाही, खाली वाकून ब्रॅकेट बघतो. चॅसीला बसतंय की बॉडीला? बॉडीला लटकवलेला पाइप म्हणजे चढायची पायरी, बाकी काही नाही. त्यानं सरळ विचारलं, "यावर जॅक लावून गाडी उचलून दाखवता?" दुकानदारानं विषय बदलला. उत्तर मिळालं!

पुढच्या दुकानात निवड झाली. अ‍ॅल्युमिनियम हलकं खरं, पण खडकाला धरून बसतं. पोलाद घसरतं, आणि त्याच्याकडून हवं ते तेच. पत्रा आणि पाइप यांत बोटभर फट ठेवली, कारण बॉडी रबरी बुशांवर असते आणि चॅसी पिळली की ती वेगळी हलते. वेल्डिंगऐवजी नटबोल्ट घेतले. चॅसीला आच लागत नाही, शिवाय पावसाळ्यानंतर खोलून चिखल-गंज काढता येतो. थोडं चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे, हे फिटरनं दोनदा बजावलं.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफारांबाबत कडक आहे. 2017 मध्ये केंद्रानं गाडीपुढच्या बुलबारवर बडगा उगारला तोही त्याच्याच आधारे. आरटीओत आधी विचारलेलं बरं.