पंचवीस तारखेची भांडणं

रोम, ४ डिसेंबर
पावणेपाचलाच दिवे लागतात. पुण्यात एव्हाना सगळे जेवून उठले असतील. गुडघे धरलेत. लेक सातला येते, तोवर मी आणि नातू.

दादाचा मेसेज. दर डिसेंबरला फिरणारा तोच. नाताळ मुळात ख्रिश्चनांचा नाहीच, रोमन सूर्यपूजकांचा सण ढापलाय, मिथ्रास म्हणजे आपला वेदांतला मित्र, त्याचा वाढदिवस, झाडसुद्धा चोरीचं. खाली लिहिलंय, "तू रोममध्येच आहेस. बघून सांग."
दर वर्षी याला उत्तर हे द्यायचे. तासभर फोनवर हुज्जत, मग दोघं खूश.
मी अंगठा दाखवून फोन ठेवला.

६ डिसेंबर
नातवानं विचारलं, झाड कधी आणायचं? लेक माझ्याकडे बघायला लागली. मी भांडी विसळायला उठले.
वर्षाच्या आत सण नाही, हे सहा वर्षांच्या पोराला कसं सांगायचं? दिवाळीत आकाशकंदील लावला नाही तेव्हा त्यानं विचारलं नव्हतं. इथे कुणाच्याच खिडकीत नव्हता.

८ डिसेंबर
सुट्टी. मेरीचा सण. स्पॅनिश चौकातल्या उंच खांबावर तिची मूर्ती आहे, अग्निशमन दलाचा माणूस शिडीनं चढून तिच्या हातात फुलांचं कडं अडकवतो. टीव्हीवर पाहिलं.

खालच्या मजल्यावरच्या सिन्योराबाई पुठ्ठ्याचा खोका घेऊन आल्या. नातवासाठी. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मातीच्या बाहुल्या. मेंढपाळ, पाणी भरणारी बाई, चेस्टनट भाजणारा म्हातारा, एका कानाचं गाढव. बाळ वेगळ्या पुडीत. ते चोवीसच्या रात्रीपर्यंत काढायचं नाही, गव्हाण रिकामी ठेवायची, असं बाईंनी बजावलं.
लेक म्हणाली, झाड नको, पण हे मांडू दे ना त्याला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

१० डिसेंबर
झोप येत नाही. जावयाच्या कपाटातली पुस्तकं काढली.
सजवलेल्या झाडाचं जुनं टिपण १६०५ चं, स्ट्रासबुर्गचं. व्हॅटिकनच्या चौकात झाड उभं राहिलं ते थेट १९८२ मध्ये. नाताळचं झाड जर्मनांकडचं. झाडाची चोरी तरी रोमन सूर्यपूजकांच्या घरी झालेली नाही.

१३ डिसेंबर
सांता लुचियाचा दिवस. सिन्योराबाई जिन्यात म्हणाल्या, आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. म्हटलं, तो एकवीसला. त्यांनी मान हलवली. त्यांच्या आजीपासून चालत आलेली म्हण आहे.

म्हण खोटी नाही, जुनी आहे. सीझरच्या पंचांगात अयनदिन २५ डिसेंबरला धरलेला. वर्ष जरासं लांब मोजलं गेलं, शतकाशतकानं दिवस मागे सरकत तेराच्या आसपास आला. मग १५८२ मध्ये तेरावे ग्रेगरी पोप यांनी दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर. सूर्य जागेवर आला, म्हण राहिली.

१५ डिसेंबर
सान क्लेमेंते. कलोसियमपासून चालत. गुडघे कुरकुरले, पण गेले.
वर बाराव्या शतकातलं चर्च. जिना उतरलं की चौथ्या शतकातलं. अजून उतरलं की मिथ्रासचं मंदिर. लांबट, बुटकी खोली, छत कमानीचं, गुहेसारखं. दोन्ही भिंतींना लागून दगडी बाकं, पंगतीला बसावं तशी. मध्ये वेदीचा दगड, त्यावर बैल मारणारा मिथ्रास. कुठूनतरी पाणी वाहतंय, दिसत नाही, आवाज सतत. १८५७ मध्ये इथल्याच आयरिश धर्मगुरूनं, फादर मलूलीनं खणायला सुरुवात केली म्हणून हे सापडलं.

मिथ्रासचा जन्म खडकातून. त्याचा वाढदिवस पंचवीस डिसेंबरला होता, असं एकाही जुन्या लेखात किंवा शिलालेखात नाही. दादाला हे झोंबणार.
वर आले तर चर्चमध्ये कुणीतरी सुतक असल्यासारखं काळं नेसून मेणबत्ती लावत होतं. चटकन बाहेर पडले.

१७ डिसेंबर
सॅटर्नेलियाचा पहिला दिवस. बसनं फोरमपर्यंत. सॅटर्नच्या देवळाचे आठ खांब उभे आहेत. बाकी काही नाही.

या देवाचे पाय वर्षभर लोकरीच्या धाग्यानं बांधलेले असत. आजच्या दिवशी धागा सोडायचे. मग गावभर मोकळीक. टोगा काढून ठेवायचा, एरवी बंदी असलेला फाशांचा जुगार उघड खेळायचा, मालकानं गुलामाला वाढायचं. भेटी काय द्यायच्या? मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या.
घरी येऊन त्या खोक्याकडे पाहिलं. दादा असता तर म्हणाला असता, बघ! पण एवढ्यावरून नातं जोडता येत नाही. गव्हाणीचा धागा मागे न्यायचा तर संत फ्रान्सिसपर्यंत जातो. १२२३, ग्रेचो नावाचं डोंगरातलं गाव. आणि सॅटर्नेलिया लांबत लांबत तेवीसपर्यंत जाई. पंचवीस त्यात बसत नाही.

नातवानं मेंढपाळ मांडले. गाढवाला सोफ्याखालची जागा दिली, थंडी लागते म्हणून.

१८ डिसेंबर
धाकटा प्लिनी सॅटर्नेलियाच्या दिवसांत आपल्या बंगल्यातल्या लांबच्या खोलीत जाऊन बसे. घरच्यांचा गोंगाट ऐकू येऊ नये म्हणून. माझा माणूस.

१९ डिसेंबर
रात्रभर एकच वही डोक्यात. इसवी सन ३५४, रोम. व्हॅलेंटिनस नावाच्या श्रीमंतासाठी फिलोकॅलस या सुलेखनकारानं तयार केलेली. मूळ हरवली, नकलांच्या नकला उरल्या.

त्यात सरकारी सणांचं पंचांग आहे. पंचवीस डिसेंबरसमोर: अजिंक्याचा जन्म, तीस रथशर्यती. अजिंक्य म्हणजे सूर्य. पुढे हुतात्म्यांच्या पुण्यतिथींची यादी. तिची सुरुवातच पंचवीस डिसेंबरनं: बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म. ही यादी ३३६ च्या सुमाराची.
एकाच बांधणीत दोघं. मालक ख्रिश्चन.

ऑरेलियन बादशहानं २७४ मध्ये सूर्याचं देऊळ बांधलं, हे खरं. पण पंचवीस तारीख सूर्याच्या नावावर लागलेली पहिल्यांदा दिसते ती या वहीतच. दुसरी बाजू म्हणते, तारीख हिशेबातून आली. ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चचा धरलेला, गर्भधारणाही त्याच दिवशीची धरली, पुढे नऊ महिने मोजा. अभ्यासक शंभर वर्षांहून जास्त काळ यावर भांडताहेत.
हे असते तर कागदावर दोन रकाने आखून बसले असते. मीच आखले.

२१ डिसेंबर
अयनदिन. सकाळ अजून उशिराच होतेय, आणि जानेवारी उजाडेपर्यंत होत राहील. संध्याकाळ मात्र दहा तारखेपासून मिनिटा-मिनिटानं लांबतेय. खिडकीत बसून असतं माणूस, कळतं.

दादाला पहिला मेसेज: "उत्तरायण आज लागलं. तुझी संक्रांत चोवीस दिवसांनी. ती तरी कुठे जागेवर आहे? साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस सरकते. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होती, म्हणजे ऑरेलियनच्याच काळात. आपण मकर रास सोडली नाही, अयनदिन सोडला."
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२२ डिसेंबर
पाचव्या शतकातले लिओ पोप नाताळच्या प्रवचनात चिडलेले आहेत. लोक सेंट पीटरच्या पायऱ्या चढतात, आत जायच्या आधी मागे वळतात आणि उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. ख्रिश्चन लोक!
मी रोज सकाळी गॅसवर चहा ठेवून खिडकीतून तेच करते.

२४ डिसेंबर
लेकीनं विचारलं, आज काही गोडाधोडाचं? म्हटलं, कढई चढणार नाही. सासूबाईंच्या वेळीही चढली नव्हती.

सातला बेल. सिन्योराबाई. झाकलेलं ताट. मैद्याच्या पिठात बुडवून तळलेला फ्लॉवर, आर्टिचोक, खारवलेल्या कॉड माशाचे तुकडे. आज इथे घरोघरी हेच, उपासाचं, म्हणजे मटण-कोंबडी वर्ज्य. बाईंना आमच्याकडचं काही ठाऊक नाही. पण नियम हाच ना? दुःखाच्या घरी तळण करायचं नाही, फराळ शेजारून यायचा, आणि आलेला खायचा. दिवाळीत इथे कोण आणून देणार होतं?
फ्लॉवर कुरकुरीत. मासा मी खात नाही, जावयानं संपवला.

बाराला नातू डोळे चोळत उठला. पुडी सोडली. बाळ अंगठ्याएवढं. गव्हाणीत उलटं ठेवलं, मग सरळ केलं. गाढवाला सोफ्याखालून आणलं.
मी तेवढं देवापुढचं निरांजन शेजारी लावलं. लेक काही बोलली नाही.

२५ डिसेंबर
दिवसभर पाऊस. सिन्योराबाईंकडे तोंबोला. आकड्यांवर ठेवायला सुके घेवडे. मला इटालियन आकडे साठपर्यंत येतात, खेळ नव्वदचा. नातवानं वाचवलं.

२८ डिसेंबर
दादाचं उत्तर. "तारखेचं सोड. सण मूर्तिपूजकांचाच, हे तर मान्य?"
लिहिलं: "हा आरोप सगळ्यात मोठ्यानं कुणी केला माहीत आहे? कट्टर ख्रिश्चनांनी. प्युरिटन. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. १६८१ मध्ये कायदा उठला, तरी १६८७ मध्ये तिथला धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर छापून सांगतोय, हा सॅटर्नेलियाच आहे, बंद करा. तू फॉरवर्ड करतोस ते त्यांचंच."
लगेच फोन. तासभर. गळा बसला.

६ जानेवारी
बेफाना म्हातारी झाडूवरून येऊन गेली. मोज्यात चॉकलेटं आणि साखरेचा कोळसा. नातवाला कोळसाच जास्त आवडला. बाहुल्या गुंडाळून खोक्यात भरल्या, बाई न्यायला आल्या तर नातू म्हणाला, गाढव राहू दे. राहिलं.

१४ जानेवारी
तिळगूळ केला नाही. लेकीच्या कचेरीतल्या नाशिकच्या मुलीनं डबाभर पाठवला. एक वडी खालीही दिली.
दादा फोनवर: "तिळगूळ घे, गोड बोल. आणि हल्ली तू अगदी नवऱ्यासारखी हुज्जत घालतेस." मग दोघंही थोडा वेळ गप्प. मग तो हवामानावर गेला.

१५ जानेवारी
नवा मेसेज. व्हॅलेंटाइन डे म्हणजे रोमनांचा लुपरकेलिया, लांडग्यांचा सण, चर्चनं ढापलेला. "तिथेच आहेस, बघून सांग."
पॅलाटाइन टेकडी, चढ आहे. गुडघ्याला पट्टा लागेल. फेब्रुवारीला अवकाश आहे, पण वाचायला आजच काढते.