पंधरा ग्रॅमची चूल

पाठपिशवी भरताना माणूस फार कंजूष होतो. टूथब्रशची अर्धी दांडी कापून टाकणारे, टॉवेलाऐवजी पंचा आणि पंच्याऐवजी हातरुमाल नेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतला एक रोज आरशात दिसतो. तरीही रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठायचा आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं, या चार दिवसांच्या चालीत माझ्या पिशवीत दर हिवाळ्यात एक चूल असते. बायको दर वर्षी विचारते, “त्या वाटेवर कुणाच्याही दारात उभं राहिलं की चहा मिळतो म्हणतोस, मग ही कशाला?” मी दर वर्षी “हौस” म्हणून वेळ मारून नेतो.

चूल म्हणजे काय, तर थंड पेयाच्या दोन रिकाम्या डब्यांची बुडं. एक दुसऱ्यात दाबून बसवायचं, मधे त्याच पत्र्याचं एक कडं, आणि वरच्या कडेला टाचणीनं पाडलेली भोकं. जळण स्पिरिटचं. वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रुपयाची चार नाणी. अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेलसारख्या साडेतीन हजार किलोमीटरच्या वाटा चालणाऱ्यांमध्ये ही चूल लोकप्रिय झाली, आणि तिथून माझ्यासारख्या चार दिवसांच्या हौशी चालणाऱ्यांपर्यंत आली. सायकलच्या स्पोका वाकवून मी तिला तिवई केली आहे. भोवती जाड ॲल्युमिनियमच्या कागदाचा आडोसा. तो नसेल तर कोकणातून वर येणारा वारा सगळं स्पिरिट आभाळ तापवण्यात घालवतो. असेल तर वीस-पंचवीस मिलीत दोन कप पाणी उकळतं.

स्पिरिट रेल्वेतून नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मी ते राजूरला हार्डवेअरच्या दुकानात घेतो. “पॉलिशला का?” दुकानदार विचारतो. “चहाला,” असं मी एकदा खरं सांगून बसलो. तेव्हापासून तो मला बाटली देताना जरा सांभाळूनच देतो.

काडी लावली की आधी स्पिरिट नुसतं मधल्या खळग्यात आळसावल्यासारखं जळतं. अर्ध्या-एक मिनिटात पत्रा तापतो, आतल्या स्पिरिटची वाफ होते, ती कडेच्या भोकांतून बाहेर पडून पेट घेते, आणि संध्याकाळ असेल तर भोवताली निळ्या पाकळ्यांचं कडं उमललेलं दिसतं. आधी ताप, मग वाफ, मग जाळ. हा क्रम मला लहानपणापासून पाठ आहे. आजी स्टो पेटवायची तेव्हा काकडा भिजवून बर्नरखाली लावायची, तो विझत आला की पंप मारायची, आणि सगळं स्वयंपाकघर घोंघावायला लागायचं. त्या आवाजावर आवाज चढवून ती बोलायची. रॉकेल नीट येईना की भिंतीला टांगलेली पिन. फ्रान्स लिंडक्विस्ट या स्वीडनच्या माणसानं १८९२ मध्ये हा काजळी न धरणारा स्टो काढला आणि त्याला नाव पडलं प्रायमस. आपल्याकडे तर स्टो कुठल्याही कंपनीचा असो, म्हणायचं प्रायमसच.

तोच प्रायमस २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या अंगावर, सुमारे २७,९०० फुटांवरच्या तंबूत पेटला होता. हिलरीचे बूट रात्रीत गोठून दगड झाले होते. ते त्यानं स्टोच्या जाळावर शेकून मऊ केले. तेनसिंग आणि तो, दोघांनी साखर घातलेलं लिंबाचं पेय भरपूर प्यायलं, आणि मग ते निघाले. शिखरावरच्या फोटोपेक्षा मला या बूट शेकण्याचंच जास्त अप्रूप आहे. आजीला ही गोष्ट सांगायची राहून गेली. ती म्हणाली असती, बर्नर घाण झाला असेल.

माझ्या चुलीचा मोठा दोष असा की तिला मंद आच ठाऊक नाही. पेटली की संपेपर्यंत एका सुरात. आपला चहा तर दोन-तीनदा वर येऊ द्यावा, दोन-तीनदा खाली बसवावा, तेव्हा कुठे होतो. दूध उतू जाऊन पंधरा ग्रॅमची चूल दोनदा बुडवल्यावर मी कोऱ्या चहावर आलो. गूळ, गवती चहाची दोन पाती, पत्ती. गडावर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पत्ती चिमूटभर जास्त घालतो. तरी ती नेतो, कारण रतनगडाच्या गुहेचं छत काजळीनं काळं आहे. वर्षानुवर्षं लोकांनी आसपासची झुडपं मोडून तिथे चुली पेटवल्या, त्यांत एके काळी मीही होतो.

गेल्या जानेवारीत कात्राबाईच्या खिंडीखाली, भर दुपारी, उघड्या कातळावर मी चूल मांडली. गुरं घेऊन एक म्हातारबाबा आले आणि उकिडवे बसले.

“काय चाललंय पाव्हणं?”

“चहा करतोय, बाबा.”

त्यांनी पेल्याखाली वाकून पाहिलं. “जाळ कुठंय?”

स्पिरिटचा जाळ उन्हात दिसत नाही. त्यांनी हात पुढे केला, झटकन मागे घेतला, आणि हसले. चहा झाला. पेला त्यांना दिला, मी बाटलीच्या झाकणात घेतला. या वाटेवरच्या घरांत मी किती चहा प्यायलोय, आणि त्यातलं दूध कुणाच्या वाटणीचं होतं हे कधी विचारायचं धाडस केलेलं नाही. गेली चार वर्षं या डोंगरात मी पाहुणाच होतो. त्या दुपारी पहिल्यांदा कुणाला तरी “घ्या ना अजून” म्हणालो.

तेवढ्यानं मी हुरळलो असणार. चूल विझली असं धरून मी बाटलीतूनच तिच्यात स्पिरिट ओतलं. ती विझली नव्हती. भक्कन भडका उडाला, मनगटावरचे केस गेले, बाटली हातातून सुटली आणि कातळावरून आगीचा ओघळ वाळल्या गवताकडे निघाला. वणव्याचे दिवस, भोवती अभयारण्य. मी नुसता उभा. बाबांनी खांद्यावरची घोंगडी काढून त्या ओघळावर टाकली, वर पाय देऊन उभे राहिले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “आता दिसला.”

तेव्हापासून मी एकेका चहापुरतं स्पिरिट औषधाच्या लहान बाटल्यांत भरून नेतो. चूल संपली असं वाटलं तरी वर तळहात धरतो, आणि ती हाताला पूर्ण गार लागेपर्यंत पुन्हा भरत नाही. तुम्ही अशी चूल करणार असाल तर एवढं कराच, आणि मांडायची ती उघड्या कातळावरच.

बाबांनी संध्याकाळी कुमशेतला घरी नेऊन म्हशीच्या दुधाचा चहा पाजला. तीन दगडांच्या चुलीवरचा, धुराचा वास असलेला, माझ्यापेक्षा किती तरी चांगला. घोंगडीला रुपयाएवढं भोक पडलं होतं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहापत्तीची पुडी मात्र ठेवून घेतली.