चोळीतली माया

निपाणीत आमची आई घरी ब्लाऊज शिवते. रद्दीवर कापलेले ३२, ३४, ३६चे नमुने खिळ्याला टांगलेले असतात. शेजारच्या अक्का गुळेदगुड्डचा खण घेऊन आल्या. लेकीला सातवा महिना. आपण डोहाळजेवण म्हणतो त्याला कन्नडात ‘कुबस’ म्हणतात, म्हणजे शब्दशः चोळीच! खण एकच, बिघडला तर दुसरा नाही. अक्का म्हणाल्या, ‘मूवत्तारु.’ लेकीच्या तयार ब्लाऊजवर ३६ होते. दुभाषी मीच.

आईने टेप काढली. लेकीची भर छाती ३७ भरली. पण काखेतून, वरची, ३४च. आईने ३४चा कागद उतरवला. अक्कांचा चेहरा पडला.

‘त्यांना सांग, छातीला पुढून वाढ देऊन टक्स घेता येतात. खांदा नि मुंढा मोठा कापला की गळा उतरतो, मग इलाज नाही.’

मुंढ्याला कन्नड शब्द सुचेना, बोटानेच दाखवला. बाजूच्या शिवणीत आईने दीड-दीड इंच माया ठेवली, पाजायच्या दिवसांत उसवून सैल करायला. (आम्ही कॉमर्सवाले हिलाच तरतूद म्हणतो.)

खणाला कात्री लागली तेव्हा अक्का अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.