परत गेलो, ते सोडण्यासाठी

आमच्या कोकणात आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. "कधी आलास?" आणि "परत कधी?" २०१८ च्या जुलैमध्ये मी घरी आलो तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन द्यायचो. दुसऱ्याला नुसतं "बघू" म्हणायचो. परत जायचं नाही, असं मी मनातून ठरवलं होतं. करार संपायला अजून आठ महिने बाकी होते.

मी उर्दूचा शिक्षक. बीएड झाल्यावर काही वर्षं विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर काढली. मग सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं. मुंबईला खेपा घालून डिग्रीवर शिक्के मारून घेतले आणि एप्रिल २०१५ मध्ये सौदीतल्या दम्मामला एका खासगी भारतीय शाळेत रुजू झालो. करार दोन वर्षांचा होता. तो संपल्यावर आणखी दोन वर्षांचा केला, म्हणजे ३१ मार्च २०१९ पर्यंत. पगार ३,८०० रियाल. २०१६ मध्ये बायको आणि दोन्ही मुलांना बोलावून घेतलं. वर्षभर बरं चाललं, अल्हम्दुलिल्लाह.

मग १ जुलै २०१७ पासून तिथल्या सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबावर फी लावली. माणशी महिन्याला १०० रियाल, आणि पुढे दरवर्षी शंभराची वाढ. २०२० मध्ये ती ४०० वर पोहोचली. ही रक्कम इकामा नूतनीकरणाच्या वेळी वर्षाची एकदम भरावी लागे. माझी तीन माणसं. पहिल्या वर्षाचे ३,६०० रियाल कसेबसे भरले. दुसऱ्या वर्षाचे ७,२०० होणार होते, म्हणजे जवळजवळ दोन पगार. त्यात जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला, पेट्रोल महागलं. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत जो तो कागदावर आकडेमोड करत बसायचा. एकेक कुटुंब परत जाऊ लागलं. वर्गातली मुलं कमी झाली, तसे शिक्षकही कमी केले आणि उरलेल्यांचे तास वाढले. वार्षिक परीक्षा झाल्यावर मीही घरच्यांना गावी पाठवलं आणि एका खोलीत चौघांबरोबर राहू लागलो.

घरासाठी परदेशात आलो होतो आणि घरच माझ्यापासून लांब गेलं होतं. मुलगी फोनवर आधी अर्धा तास बोलायची. मग दहा मिनिटं. मग "अब्बा, अम्मीशी बोला" म्हणून फोन देऊन पळायची.

जुलैमध्ये गावी आल्यावर कळलं, तालुक्याच्या एका हायस्कूलमध्ये उर्दूची जागा रिकामी आहे. मुख्याध्यापकांना भेटलो. ते म्हणाले, "एक सप्टेंबरला हजर व्हा, बाकीचं बघून घेऊ." घरापासून नऊ किलोमीटर. मला तर वाटलं, अल्लाहनेच दार उघडलं.

नात्यातल्या, परदेशात वर्षं काढलेल्या सगळ्यांचा सल्ला एकच होता. "सुट्टीवर आलायस ना? मग जायचंच कशाला? फोन बंद कर." एक्झिट-रीएंट्रीवर येऊन परत न गेलेल्याला त्या वेळी तीन वर्षं दुसऱ्या मालकाकडे सौदीत जाता येत नसे. "तुला कुठे परत जायचंय? लागू दे बंदी." गावात असे कितीतरी जण आहेत. त्यांना कुणी वाईट म्हणत नाही.

माझ्याकडेही कारणं तयार होती. शाळेने कबूल केलेली पगारवाढ दिली नव्हती. आदल्या वर्षीचा सुट्टीचा पगार दोन महिने उशिरा दिला होता. त्यांनी कुठे शब्द पाळला, की मी पाळावा?

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

जूनमध्ये सुट्टीचा व्हिसा काढताना शाळेच्या ऑफिसने एक कागद मागितला. सोबतच्या एखाद्या शिक्षकाने हमी द्यायची. मी परत आलो नाही तर माझ्या दोन पगारांएवढी रक्कम, म्हणजे ७,६०० रियाल, त्याच्या पगारातून कापायची. आपण 'कफील' हा शब्द मालक या अर्थाने वापरतो. खरं तर अरबीत कफील म्हणजे जामीन, दुसऱ्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेणारा.

माझे कफील झाले आमचे गणिताचे सर. ते केरळातल्या मलप्पुरमचे. आम्ही सगळे त्यांना 'माश' म्हणायचो. मल्याळममध्ये मास्तरांना तसंच म्हणतात. मी कागद घेऊन गेलो तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी कप बाजूला ठेवला, सही केली आणि उरलेला चहा प्यायले. कागद वाचलासुद्धा नाही. त्या दिवशी माझं काहीच ठरलं नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर निम्मं ठरलं होतं.

ऑगस्ट उजाडला. केरळात पाऊस थांबेना. महिन्याच्या मध्याला महापुराच्या बातम्या येऊ लागल्या, कोचीचा विमानतळ बंद झाला. टीव्हीवर मलप्पुरमचं नाव ऐकलं की मी चॅनल बदलायचो. एकदा बायको म्हणाली, "माशना फोन केलात का?" ती दम्मामला असताना मुलीला ताप आला, तेव्हा माशच्या घरून आठवडाभर पेज आली होती. पुढे त्यांनीही फीपायी कुटुंब गावी पाठवलं होतं. ती एवढंच विचारून आत गेली. हमीच्या कागदाचं तिला माहीत नव्हतं.

बकरी ईदच्या दिवशी फोन केला. माश त्या वर्षी सुट्टीवर गेलेच नव्हते, पैसे वाचवायला तिथेच राहिले होते. त्यांचं घर चालियार नदीकाठी. घरात पाणी शिरलं होतं, माणसं सुखरूप होती, सामान गेलं होतं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "तुमचं तिकीट झालं का?" हमीचा शब्दही काढला नाही. मला काय म्हणावं सुचेना. "होईल, इन्शाअल्लाह," म्हणालो. आपण 'इन्शाअल्लाह' कधीकधी किती खोटेपणाने म्हणतो, ते त्या दिवशी कळलं.

त्या रात्री मला माझाच एक तास आठवला. आठवीला हुदैबियाचा तह शिकवत होतो. हिजरी सन ६ ची गोष्ट. तहात एक अट होती, मक्केहून कुणी मुसलमान होऊन आपल्या पालकाच्या परवानगीशिवाय आला तर त्याला परत पाठवायचं. तहाचं लिखाण चालू असतानाच अबू जंदल (रजि.) बेड्या ओढत येऊन पोहोचले. त्यांना पाहून सहाबींची काय अवस्था झाली असेल! तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी करार पाळला आणि त्यांना सब्र करायला सांगितलं. एका मुलाने विचारलं होतं, "सर, पण समोरचे लोक तर जुलूम करत होते. मग त्यांच्याशी केलेला करार कशाला पाळायचा?" मी उत्तर दिलं होतं, "करार समोरच्याच्या लायकीवर पाळायचा नसतो, आपल्या शब्दाखातर पाळायचा असतो." सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकुमाने होते, तेही सांगितलं होतं. फळ्यावर लिहूनसुद्धा दिलं होतं.

सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नोकरी जाईल ना ही इथली?" मी म्हणालो, "जाईल." ती म्हणाली, "मग तिकीट आजच काढा. उद्या तुमचं मन बदलेल."

मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "जागा थांबणार नाही." ती थांबली नाहीच.

रविवारी, २ सप्टेंबरला शाळा उघडली. मी हजर झालो. माशची हमी त्याच दिवशी मोकळी झाली. गुरुवारी प्राचार्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मग परत आलातच कशाला?"

प्रश्न रास्तच होता. मी म्हणालो, "सर, सोडायचं होतं म्हणून आलो. तिकडे बसून सोडलं असतं तर ते पळून जाणं झालं असतं."

ते काही लगेच विरघळले नाहीत. त्यांनी करार काढला. मुदतीचा करार वाजवी कारणाशिवाय मध्येच मोडला, तर तिथल्या कामगार कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार उरलेल्या मुदतीचा पगार भरपाई म्हणून मागता येतो. हे कलम दोन्ही बाजूंना लागू आहे. माझ्या करारात वेगळी रक्कम लिहिलेली नव्हती, म्हणजे जवळजवळ सात पगार. माझा चेहरा उतरला. सही करण्याआधी हे मी कधी वाचलंच नव्हतं. मी त्यांना सांगितलं, "डिसेंबरअखेरपर्यंत थांबतो. दहावीचा अभ्यासक्रम पुरा करून देतो. नवा माणूस आला तर त्याला सगळं समजावून देतो." तीनदा बोलणी झाली. तिसऱ्यांदा ते राजी झाले. भरपाई मागायची नाही, पण परतीचं तिकीट माझं मी काढायचं. सगळं लेखी घेतलं, दोघांच्या सह्यांनी.

सेवा-समाप्तीच्या रकमेचाही हिशेब सांगतो, कारण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्धा पगार मिळतो. पण दोन ते पाच वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा दिला तर त्याचा फक्त तिसरा हिस्सा. मार्चपर्यंत राहून करार पुरा केला असता तर चार वर्षांचे दोन पगार, ७,६०० रियाल मिळाले असते. मला २,३७५ मिळाले. रियाल तेव्हा साधारण १९ रुपयांचा होता. म्हणजे लाखभर रुपये मी तीन महिन्यांसाठी सोडले.

मग तीन महिने आणखी का थांबला नाहीस, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारलं. खरं उत्तर एवढंच की मला ते जमलं नसतं. माणसाला आपली ताकदही ओळखता यावी.

दहावीच्या मुलांचं मात्र मनात राहिलं. अभ्यासक्रम पुरा केला, उजळणीच्या नोट्स लिहून दिल्या. तरी शेवटच्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "सर, परीक्षेच्या आधीच चाललात?" त्याला काय उत्तर द्यायचं? मी त्याच्यासाठी दुआ केली. रीतसर सोडलं म्हणून कुणाचंच नुकसान झालं नाही, असं म्हणता येत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये घरी आलो. पाच महिने नोकरी नव्हती. शिकवण्या घेतल्या. जूनमध्ये एका शाळेत तासिका तत्त्वावर काम मिळालं आणि पक्की नोकरी लागायला आणखी काही वर्षं गेली. गावातले लोक म्हणायचे, "चार महिन्यांपायी हातची जागा घालवलीस." त्यांचा हिशेब चुकीचा नाही. पण दुसऱ्या वहीतला हिशेब त्यांना मी दाखवला नाही.

आता आमच्याकडची तरुण मुलं-मुली आखातात शिकवायला निघाली की माझ्याकडे येतात. त्यांना दोन-चार गोष्टी सांगतो. करार नीट वाचून मगच सही करा. मुदत किती, मध्ये सोडलं तर काय, तिकीट कुणाचं, हे विचारायला लाजू नका. प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा. आता कायदेही बदलले आहेत. सौदीत १४ मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कामगारांना देश सोडण्याचा अर्ज स्वतःच ऑनलाइन करता येतो. मालक पगार देत नसेल, ठरलेल्यापेक्षा वेगळंच काम लावत असेल, जुलूम करत असेल, तर ८१ व्या कलमानुसार नोटीस न देताही हक्कासह काम सोडता येतं. तिथे करार तुम्ही मोडत नाही, समोरच्याने आधीच मोडलेला असतो. अशा वेळी गप्प बसू नका, कामगार कार्यालयात जा, आपल्या दूतावासाला कळवा. माझी गोष्ट तशी नव्हती. माझ्या तक्रारी खऱ्या होत्या, पण त्या मी निमित्त म्हणून पुढे करत होतो, हे मला ठाऊक होतं.

आणि सांगतो की नोकरी सोडण्यात लाज नाही. रोजी देणारा अल्लाह आहे, शाळा नव्हे. फक्त निघताना एवढं बघा, की आपल्या मागे कुणाची सही अडकलेली नाही ना. ती प्रत्येक वेळी कागदावरच असते असं नाही.

माश २०२० मध्ये कायमचे मलप्पुरमला परतले. घर पुन्हा नीट केलं. दर ईदला आमचा एकमेकांना फोन होतो. सलाम-दुआ झाली की ते पहिला प्रश्न तोच विचारतात, "तिकीट झालं का?" आणि आम्ही दोघंही हसतो. पण मला आत कुठेतरी जरा धस्स होतं, अजूनही.