काळ्या वाळूचं अंगण

1978 साली कॅनडातल्या सस्कॅचेवनच्या एका खेड्यात मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ, एवढंच ठाऊक होतं. पहिल्याच जूनमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने ओढून मैदानावर नेलं. मैदान कसलं, माळरानच! नऊ होल, आणि खांबाला ठोकलेला पत्र्याचा डबा. त्यात दोन डॉलर टाकायचे आणि खेळायला लागायचं. विचारायला कोणी नाही.

होलभोवतालच्या जागेला ‘ग्रीन’ म्हणायचे, पण ती होती काळी कुळकुळीत. वर्षाला जेमतेम 350-400 मिलिमीटर पाऊस, हिवाळा उणे 40 चा; तिथे हिरवळीचे लाड कोण पुरवणार? म्हणून बारीक वाळूत जुनं इंजिन ऑइल कालवून गोल ग्रीन घालत. तेलामुळे वाळू वाऱ्यावर उडत नसे. चेंडू कुठेही पडो, होलपासून तेवढंच अंतर मोजायचं, लोखंडी नळी ओढून तिथवर एक गुळगुळीत पट्टा काढायचा आणि त्यावरून टोला मारायचा. खेळून झालं की गालिच्याचा जुना तुकडा गोल गोल ओढत सगळी पावलं पुसायची. पहिल्यांदा ते करताना आजी आठवली. अंगण सारवताना तीही अशीच मागे मागे सरकत यायची.

नेम धरायला खुणेची झाडं नव्हती. रेल्वेकडेचं धान्य साठवायचं उंच लाकडी एलेव्हेटर दिसायचं, त्याच्या डाव्या कोपऱ्यावर नेम धरायचा. प्रांतात एकेकाळी अशी तीन हजारांवर एलेव्हेटर्स होती. चेंडू गोफरच्या बिळात गेला, तर दंड नाही. रात्री साडेनऊलाही उजेड असे, त्यामुळे खेळ लांबायचा; तेलकट वाळूने माखलेल्या बुटांना मात्र घरात मज्जाव.

तेव्हाही श्रीमंती मैदानं होतीच. गोल्फ मैदानांचा आरेखक स्टॅन्ली थॉम्पसनने मंदीच्या काळात आखलेलं वास्केसूचं मैदान उत्तरेच्या जंगलात आजही दिमाखात आहे. पुढे 2004 मध्ये सॅस्काटूनजवळ, व्हाइटकॅप डकोटा या मूळनिवासींच्या भूमीवर डकोटा ड्यून्स झालं. वाळूच्या टेकड्या नैसर्गिक, ग्रीन मात्र अस्सल हिरवे. याच प्रांतातल्या वेबर्नचा गोल्फपटू ग्रॅहम डीलेट तर 2013 च्या प्रेसिडेंट्स कपपर्यंत पोचला.

आमच्या गावातही पाणी आलं, गवत आलं. बॅटरीवर चालणारी गाडी होलचं अंतर पडद्यावर दाखवते. एलेव्हेटर केव्हाच पाडलं. नेम आता मोबाइलच्या मनोऱ्यावर. तक्रार नाही. वाळूतलं ते तेल जमिनीत मुरत होतं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आलं नव्हतं. आणि गवतावर चेंडू वळण घेत होलकडे जातो, ते बघण्यातलं सुख त्या सरळ पट्ट्यावर कुठून मिळणार?

पण ग्रीन राखणं आता पगारी माणसांचं काम. आम्ही पहाटेच कापलेल्या गवतावर येतो आणि जातो. मागचा कोण, पुढचा कोण, पत्ता नसतो.

गेल्या उन्हाळ्यात नातीचा चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, अडकला. तिसऱ्या फटक्याला तो बाहेर आला, तशी ती धावत सुटली. मी हाक मारून परत बोलावलं आणि कडेची दांताळी तिच्या हाती दिली.

“कशाला, आजोबा?”

“पावलं पूस. मागून कोणीतरी येतंय.”

ती दांताळी ओढत, मागे मागे सरकत बाहेर आली. कोणी न शिकवता.