दिवसाला नेमलेले वाचन

दिवाळीच्या दिवसांत आमचे कॅथलिक उपासना वर्ष संपत आलेले असते. सामान्यकाळाच्या चौतीस आठवड्यांपैकी अखेरचे काही उरलेले असतात आणि रोजच्या मिस्सेत लूकचे शुभवर्तमान चालू असते. नोव्हेंबरच्या शेवटी ख्रिस्तराजाचा सण होतो आणि पुढच्या रविवारी आगमनकाळाबरोबर नवे वर्ष लागते. मी वसईची. बायबलचे वर्ग घेते आणि रोजच्या वाचनांवर मराठीत चिंतन लिहिते. या कामात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. वाचन आपण निवडत नाही, ते नेमून दिलेले असते, आणि चिंतनाचे सारे बळ त्या नेमण्यातच आहे.

घरी बायबल उघडताना आपण आवडीची पाने उघडतो. मेंढपाळाचे स्तोत्र, उधळ्या पुत्राचा दाखला, प्रेमाविषयीचा पौलाचा अध्याय. त्यात गैर काही नाही. पण वर्षानुवर्षे तीच पाने उघडली की बायबल आपल्या मनाच्या मापाचे होऊन बसते. नेमलेले वाचन आपल्या मनःस्थितीची चौकशी करत नाही. घरात लग्नाची गडबड असते आणि चर्चमध्ये ईयोबाचा आक्रोश वाचला जातो. मन खचलेले असते आणि स्तोत्र स्तुतीचे येते. अशा वेळी ऐकणाऱ्याला स्वतःच्या बाहेर यावे लागते. शेजारच्या बाकावर कोणाचा तरी ईयोब बसलेला असतो, हे मग ध्यानात येते.

जगभरच्या चर्चमध्ये आज ज्या क्रमाने वाचने होतात, तो क्रम तसा अलीकडचा आहे. १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी प्रसृत केलेल्या मिस्साग्रंथात रविवारची वाचने दरवर्षी तीच असत. संताचा सण नसलेल्या साध्या वारी बहुधा मागच्या रविवारचीच वाचने पुन्हा होत. जुन्या कराराचा फार थोडा भाग लोकांच्या कानी पडे, आणि तोही लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. बायबलचे भांडार भाविकांसाठी अधिक मोकळे करावे आणि ठरावीक वर्षांच्या फेऱ्यात त्यातला महत्त्वाचा भाग वाचला जावा, असे त्यात ठरले. त्यानुसार तयार झालेला नवा वाचनक्रम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या आगमनकाळापासून लागू झाला.

त्याची रचना एकदा समजली की ऐकण्याची रीतच बदलते. रविवारच्या वाचनांचा फेरा तीन वर्षांचा आहे. एक वर्ष मत्तयचे, एक मार्कचे, एक लूकचे. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात येते. मार्कचे पुस्तक लहान असल्यामुळे त्याच्या वर्षात सलग पाच रविवार योहानाचा भाकरीविषयीचा सहावा अध्यायही वाचला जातो. सामान्यकाळात साध्या वारांचे पहिले वाचन दोन वर्षांच्या फेऱ्यात येते. विषम वर्षी एक क्रम, सम वर्षी दुसरा. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच, आधी मार्क, मग मत्तय, मग लूक.

यात चिंतन लिहिणाऱ्याने जपायचे एक पथ्य आहे. रविवारी जुन्या करारातले वाचन शुभवर्तमानाला जोडूनच निवडलेले असते. सामान्यकाळातल्या साध्या वारी मात्र पहिले वाचन आणि शुभवर्तमान आपापल्या वाटेने चाललेले असतात. त्यांची ओढूनताणून सांगड घातली की दोन्ही वाचनांवर अन्याय होतो. पण कधी कधी दोन्ही आपोआप समोरासमोर येतात, आणि तिथे लिहिणाऱ्याने थांबायलाच हवे.

विषम वर्षाचा विसावा आठवडा घ्या. तो ऑगस्टमध्ये येतो. शास्ते या पुस्तकातली वाचने चालू असतात. बुधवारी योथामने सांगितलेली झाडांची गोष्ट येते. झाडे राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल एकापाठोपाठ एक नकार देतात. आपले तेल, आपली गोडी, आपला रस सोडून इतर झाडांवर डोलत राहणे त्यांना नको असते. शेवटी काटेझुडूप राजा व्हायला तयार होते आणि सगळ्यांना आपल्या सावलीत बोलावते. काटेझुडपाला सावली कितीशी? वाचन जवळजवळ इथेच संपते. पण बायबल उघडून आधीची पाच वचने वाचली की कळते, अबीमलेखाने आपल्या सत्तर भावांना एकाच दगडावर मारून सत्ता मिळवली होती आणि योथाम त्यातून लपून वाचलेला धाकटा भाऊ होता. आणखी पुढे वाचले की तेबेसचा बुरूज येतो. वरून एक बाई जात्याची वरची तळी अबीमलेखाच्या डोक्यात टाकते. बाईच्या हातून मेलो असे कोणी म्हणू नये, म्हणून मरता मरता तो आपल्या शस्त्रवाहकाला तलवार चालवायला सांगतो. मिस्सेत हा भाग येत नाही. म्हणून मी वर्गात सगळ्यांना सांगते, चर्चमधून घरी गेलात की अध्याय पूर्ण वाचा. वगळलेल्या वचनांत पुष्कळदा गोष्टीचा कणा असतो.

त्याच बुधवारी शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला असतो. मळ्याचा मालक पहाटेपासून बाजारात फेऱ्या मारतो आणि दिवस मावळायला तासभर असतानाही रिकाम्या उभ्या माणसांना कामावर घेतो. का उभे आहात, असे तो विचारतो, तेव्हा ते सांगतात की आम्हांला कोणी कामच दिले नाही. आमच्याकडे नालासोपाऱ्याच्या नाक्यावर सकाळी थापी नि घमेली घेऊन उभे असलेले कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दहा वाजेपर्यंत ज्याला कोणी नेले नाही, त्याच्या घरची चूलही पूर्ण मजुरीवरच पेटते. मालक शेवटच्याला पूर्ण दिनार देतो तो एवढ्यासाठी. एका वाचनात सत्तेसाठी भावांचा जीव घेणारा राजा आणि दुसऱ्यात मजुराच्या पोटाचा विचार करणारा धनी. जोडणी कोणी मुद्दाम केलेली नाही, पण त्या दिवशी ऐकणाऱ्याला दोन्ही धनी शेजारी उभे दिसतात.

गुरुवारचे वाचन आणखी अवघड. युद्ध जिंकून परतल्यावर घरातून जो प्रथम सामोरा येईल त्याचा होम करीन, असा नवस इफ्ताह बोलतो. सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवत, नाचत. तिला मजकुरात नावसुद्धा नाही. नवस फेडला गेल्याचे सांगून वाचन थांबते. त्या दिवशी चिंतन लिहिणारे बरेच जण पहिले वाचन सोडून शुभवर्तमानाकडे वळतात. मला ते पटत नाही. कारण त्या दिवसाचे उत्तर वाचनक्रमाने स्वतःच ठेवलेले आहे, आणि ते लोकांच्या तोंडी दिलेले आहे. लगेच येणारे प्रतिसाद स्तोत्र चाळिसावे आहे. देवाला यज्ञ आणि अर्पणे नको होती, त्याची इच्छा पुरी करणारा माणूस हवा होता, हा त्याचा आशय. मुलीच्या मरणाची गोष्ट ऐकून झाल्याबरोबर सगळे चर्च त्या बापाविरुद्ध साक्ष देते. शिवाय त्याच वर्षाच्या तेराव्या आठवड्यात अब्राहामाचा सुरी उचललेला हात देवाने अडवल्याचे वाचन येते. ईस्टरच्या जागरणविधीतही तेच नेमलेले आहे. देवाला लेकरांचे बळी नकोत, हे वर्षभराच्या वाचनांनीच सांगून ठेवले आहे. हुंडा, इभ्रत, नवस अशा कोणत्याही नावाखाली जिथे मुलींचा बळी जातो, तिथे हे वाचन मोठ्याने व्हायलाच हवे.

आणि शुक्रवारी येते रूथ. मवाबची परकी विधवा सासूला सोडून जायला तयार होत नाही. नामीबरोबर ती बेथलेहेमला येते, तेव्हा तिथे सातूची कापणी सुरू झालेली असते. नेमके त्याच दिवशी शुभवर्तमानात देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा येते. शनिवारी रूथ कापणीवाल्यांच्या मागून सरवा वेचताना भेटते. तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. इथे तिचे पुस्तक संपते, पण ती वर्षातून नाहीशी होत नाही. १७ डिसेंबरला नाताळची जवळची तयारी सुरू होते, त्या दिवशी मत्तयने दिलेली येशूची वंशावळ वाचतात. चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन रांगा. वाचकांना ती कंटाळवाणी वाटते, कारण नावे जिभेवर बसत नाहीत. पण त्या बापांच्या रांगेत मरियेच्या आधी चार बायका आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये, असे अनुवादाच्या पुस्तकात लिहिले आहे, आणि मवाबी रूथ ख्रिस्ताची पूर्वज आहे. ज्याने ऑगस्टमध्ये तिला सरवा वेचताना पाहिले आहे, त्याला डिसेंबरमध्ये तिचे नाव ऐकताना ओळखीचे माणूस भेटते.

नाताळनंतरचे दिवसही असेच नेमलेले आहेत. २५ तारखेला जन्माचा आनंद, २६ला स्तेफनवर धोंडे पडतात, २८ला हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचे स्मरण होते. गोठ्यातले बाळ कोणत्या जगात जन्मले, हे चर्च चार दिवसांतच सांगून टाकते. आपल्या पसंतीने निवडले असते, तर या आठवड्यात ही पाने कोणीच उघडली नसती.

मराठीला हे काम नवे नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी आधी जुन्या कराराची आणि मग येशूची कथा सांगितली. उपदेशाच्या घाईत त्यांनी कथा अर्ध्यावर सोडली नाही. आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मधून हा ग्रंथ आजच्या मराठीत घरोघरी नेला. दोघांकडून चिंतन लिहिणाऱ्याने घेण्याजोगे ते हेच, की आधी कथा नीट सांगावी. कोण कुठे उभा होता, हातात काय होते, कोण कोणाला काय म्हणाले. बोध कथेतूनच उगवतो. बाहेरून चिकटवलेला बोध चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंतही टिकत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. चर्चमध्ये वाचन करणाऱ्यांनी ते आदल्या रात्री घरी मोठ्याने वाचावे, अवघड नावांसकट. चिंतन लिहिणाऱ्यांनी कठीण वाचनाला बगल देऊ नये, ते कठीण आहे असे स्पष्ट लिहावे आणि तरीही त्याच्यापाशी थांबावे. बाकीच्या वाचकांनी, मग त्यांचा धर्म कोणताही असो, या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून त्या त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचून पाहावे. त्याला पाच मिनिटे पुरतात. पान आपल्या आवडीचे नाही म्हणून मात्र ते उलटू नका.