वहिनीचा वाटा

वहिनीने आपल्या यकृताचा मोठा वाटा दादाला दिला, तेव्हा मुलुंडच्या आमच्या बिऱ्हाडाला वाटले, सुटलो! तीन महिन्यांनी कळले, त्या यकृताला रक्त पोचविणारी रोहिणीच जोडापाशी आवळली आहे. मूळच्या यकृताला रक्ताच्या आडवाटाही असतात. रोपण करताना त्या तुटतात. ही एक मिटली, की पित्तनलिका मेल्याच!

“भाऊजी, आता द्यायला माझ्यापाशी काही उरलं नाही हो,” वहिनी म्हणाली. मी मॅट्रिक झालेला मास्तर, काय बोलणार?

१९६३ साली डेन्व्हरला स्टार्झल यांनी माणसावर पहिले यकृतरोपण केले. ते तीन वर्षांचे पोर टेबलावरच गेले. दादाच्या जांघेतून मात्र नुसती तार गेली, फुगा फुगला आणि जाळीच्या इवल्या नळीने, स्टेंटने, वाट उघडली.

दिवाळीला दादा घरी होता. रक्त पातळ ठेवणारी गोळी पुढे करून वहिनी म्हणाली, “अहो, चुकवू नका. माझं आहे ते!”